घरगुती पाळणाघरात कापडी डायपर चालतात का? मावशी नको म्हणतात

तुमची मुलगी नऊ महिन्यांची, घरी कापडी डायपर वापरता आणि आता कामावर रुजू व्हायचंय. पण पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, 'ते धुणंबिणं आमच्याकडे नाही जमायचं.' मी अकरा वर्षं पुण्यात घरातच पाळणाघर चालवतेय, त्यामुळे मावशींच्या बाजूने सांगते: त्यांना कापडाचं वावडं नाही, धुण्याचं आहे. ते त्यांच्या गळ्यात पडणार नाही एवढं आधी स्पष्ट करा.

मीही सुरुवातीला नाहीच म्हणायचे. घरात सहा पोरं, एक रडतंय, एकाला खिमटी भरवायचीय, तिसऱ्याची झोपेची वेळ. एका आईने कव्हरं (बाहेरचं, ओल अडवणारं आवरण) वेगळी आणि पॅड (आतली, ओल शोषणारी घडी) वेगळे असे पिशवीत कोंबून दिले होते. एका हाताने वळवळणारं बाळ धरायचं आणि दुसऱ्याने कव्हरात पॅड सरकवायचा! चार दिवसांत मी हात टेकले.

पुढच्या वर्षी दुसरी एक आई आली. तिने पाच डायपर पॅड घालून, उघडून, एकावर एक रचून दिले होते. बाळाला कुठल्या टिचबटणावर बसतं तिथे लाल दोऱ्याचा टाका घातलेला. बाळाला ठेवायचं, टाका बघायचा, टिच-टिच, झालं. विकतच्या, वापरून फेकायच्या डायपरपेक्षा एक मिनिटही जास्त लागेना. तुम्हीही असंच करा.

आठ-नऊ तासांसाठी पाच लागतात. कापडी डायपर दोन-अडीच तासांनी बदलावाच लागतो, ओला नाही वाटला तरी. आत जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून ठेवा. शी झाली की तो तुकडा उचलायचा, शी संडासात टाकायची आणि सगळं बंद पिशवीत. आमच्याकडे खळबळणं नाही, भिजवणं नाही. संध्याकाळी पिशवी घरी गेली की त्याच दिवशी धुवायची. (शुक्रवारची पिशवी सोमवारी तशीच परत आलेली मी पाहिलीय. वासाबद्दल न बोललेलंच बरं.) बाकी आमचं काम तेच, खाली स्वतंत्र दुपटं आणि प्रत्येक वेळी साबणाने हात.

गळतात अशी तक्रार झाली तर आधी मांडीपाशी बघायला सांगा. इलॅस्टिकखालून पॅडची पांढरी कड जरा जरी डोकावली, तरी वातीसारखी ओल बाहेर ओढते आणि अर्ध्या तासात फ्रॉक ओला. बोट फिरवून कड आत सारायची, बस्स. नवीन सुती पॅड तर चार-पाच धुण्यांशिवाय नीट शोषतच नाहीत, ते थेट पाळणाघरात पाठवू नका. कपडे मऊ करायचं ते सुगंधी औषधही टाळा. त्याचा थर बसतो आणि पाणी आत शिरायच्या ऐवजी वरून ओघळतं. पुरळाच्या घट्ट मलमाचंही तसंच, मलम लावलं असेल तर तो साडीचा तुकडा हवाच. आणि मायक्रोफायबरचा (कृत्रिम धाग्याचा) पॅड थेट कातडीला लागू देऊ नका, कातडी कोरडी पडते.

पावसाळ्यात मात्र पंचाईत. कव्हर रात्रीत वाळतं, पॅड दोन-दोन दिवस दमट राहतो. त्या दिवसांत मी सरळ सांगते, विकतचे द्या. त्यात कमीपणा नाही. फक्त ते कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे ठेवावे लागतात, कारण आमच्याकडे कचरा वेचणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळे करायला लागू नयेत.

मावशींना 'आठवडाभर बघू, नाही जमलं तर बंद' असं म्हणा. पिशवीवर आणि प्रत्येक कव्हरच्या आत न जाणाऱ्या शाईने नाव घाला. आमच्याकडे हत्तींच्या चित्राची दोन सारखी कव्हरं आली होती, दोन्ही आयांना एकमेकींचं धुवावं लागलं. आणि पहिल्या आठवड्यात पिशवीच्या तळाशी दोन विकतचे डायपर असू द्या. लागले नाहीत तरी मावशींना धीर राहतो.