पासवर्ड टाकल्यावर पाच मिनिटं थांबावं लागतं

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतले बारा संगणक विंडोज डोमेनला (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्याला) जोडलेले आहेत. सकाळी पासवर्ड टाकला की पाच मिनिटं नुसतं चक्र फिरतं, काउंटरवर रांग लागते. सर्व्हर तर नवा आहे! – एक वाचक, सांगली

उत्तर : सर्व्हरला बोल लावू नका. तुम्ही पाठवलेल्या नेटवर्क सेटिंगच्या फोटोत डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात ८.८.८.८ दिसतंय, घोळ तिथेच आहे. तो गूगलच्या सर्व्हरचा पत्ता; त्या सर्व्हरला तुमचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे पासवर्ड तपासणारा तुमचा सर्व्हर, ठाऊकच नसतो. संगणक त्याचा पत्ता विचारत राहतो आणि शेवटी साठवलेल्या जुन्या माहितीवर तुम्हाला आत घेतो. रकान्यात फक्त डोमेन कंट्रोलरचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) भरा. पर्यायी रकान्यातही ८.८.८.८ नको, ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे. इंटरनेटसाठी तो पत्ता तुमच्या सर्व्हरवर डीएनएसच्या फॉरवर्डर्समध्ये (बाहेरची चौकशी पुढे पाठवायच्या यादीत) टाका. संगणकांना आयपी पत्ते राउटरच वाटत असेल, तर डीएनएस त्याच्या डीएचसीपीत (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) बदला आणि संगणक रीस्टार्ट करा.