क्लिनिकल पोस्टिंगचा दर्जा कशावरून ओळखावा

आपली मुलगी सोलापुरात बी.पी.टी.च्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाला आहे, तिचे लॉगबुक (केलेल्या कामाच्या नोंदींची, शिक्षकांच्या सह्यांची वही) वेळेआधी भरले आहे, तरी वॉर्डात नेमके काय शिकले हे तिला सांगता येत नाही, असे आपण लिहिले आहे, आणि क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाच्या पाळीचा, दर्जा कसा ओळखावा असे विचारले आहे. ते वाचून मला माझेच शेवटचे वर्ष आठवले. खाटा, उपकरणे, निकाल यांची चौकशी आपण केलीच असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

न्यूरोच्या, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या रुग्णांच्या, पोस्टिंगमध्ये आम्ही दहा जणी एका रुग्णाभोवती उभ्या राहत असू. हात लावत असे तो एखादा इंटर्न, आणि लॉगबुकात मात्र 'स्वतः केले' या रकान्यात दहाही जणींची नोंद होई. ज्या विभागात महिनाअखेरीस सह्या होत, तेथे पाने उलटून कोणी पाहत नसे, आणि एका बैठकीत सगळ्या सह्या मिळाल्याचा मला तेव्हा आनंदच झाला होता. पुढे पहिल्याच नोकरीत अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांना खाटेवरून खुर्चीत बसवताना मी त्यांचा लुळा हात धरून ओढला. अशाने खांद्याचा सांधा सरकू शकतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. परंतु रुग्णाला उठवताना माझे हात कुठे जातात, हे तोवर कोणी शेजारी उभे राहून पाहिलेच नव्हते. त्यांचा खांदा कित्येक आठवडे दुखत राहिला, चालण्याचे व्यायाम लांबले आणि मला ते काम सोडावे लागले. कॉलेजच्या त्याच विभागात परत जाऊन काही दिवस देखरेखीखाली काम करू द्यावे अशी विनंती मी केली, तेव्हा रजिस्टर उघडून 'तुमचे सर्व पूर्ण दिसते आहे' असे सांगण्यात आले.

म्हणून मुलीला एवढेच विचारा: गेल्या महिन्यात तपासणीपासून उपचारापर्यंत तुझे काम शिक्षकांनी किती वेळा स्वतः पाहिले, आणि काय चुकले ते तिथेच सांगितले? मिनी-सीईएक्स या मूल्यमापनाच्या पद्धतीत नेमके हेच करतात, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या कौशल्याच्या उतरंडीत 'माहीत असणे' तळाशी आणि 'प्रत्यक्ष करणे' टोकाला आहे. सह्यांच्या संख्येवरून विद्यार्थी कोणत्या पायरीवर आहे ते कळत नाही. शिक्षणाचे वातावरण कसे आहे हे विद्यार्थ्यांना विचारणाऱ्या, ५० विधानांच्या 'ड्रीम'सारख्या प्रश्नावल्या उपयोगी आहेत, पण नाव न लिहिता भरल्या तरच. अंतर्गत गुण देणारे शिक्षक समोर बसलेले असताना भरलेल्या अर्जाला माझ्या मते किंमत नाही.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही, आणि सगळीकडे असेच चालते असा माझा दावा नाही. ओपीडीतील गर्दीत शिक्षकांचीही ओढाताण होते. तरीही दिवसभर आयएफटीचे (वेदना कमी करण्यासाठी सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावणे आणि काढणे याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही. विडी वळणारी बाई मान दुखते म्हणून आली, तर ती किती तास आणि कशी बसते हे विद्यार्थिनीने विचारले का, हे पाहणारे कोणी हवे. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक रुग्णांसाठी तिने दहा-बारा तेलुगू वाक्ये जरूर शिकावीत. 'नोप्पि' म्हणजे दुखणे, एवढे कळले तरी तपासणी सोपी होते.

इंटर्नशिपचे नियम सध्या बदलत आहेत, त्यामुळे तिच्या तुकडीला किती महिने लागू आहेत ते विद्यापीठाच्या परिपत्रकातच पाहावे. तोवर तिने लॉगबुकाशिवाय एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक रुग्णापुढे 'कोणी पाहिले, काय सुधारले' असे दोन रकाने आखावेत. महिनाभरात ते रिकामेच राहिले, तर वही घेऊन मार्गदर्शकांना भेटावे, आणि ते सह्यांच्या आधी करावे.