दिवाळखोरी कायद्याचा प्राध्यापक आयुष्यभर नेमकं करतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा की इतका रुक्ष विषय शिकवून माणूस कुठवर पोचतो. मी वकिली करतो, शिकवत नाही. पण या विषयातली एक कारकीर्द मी बारकाईने वाचली आहे, एलिझाबेथ वॉरन यांची. आज त्या अमेरिकेच्या सिनेटर, पण त्याआधी त्यांनी तीसेक वर्षं दिवाळखोरी आणि व्यापारी कायदा शिकवला.

पहिली पदवी ह्यूस्टन विद्यापीठाची, तीही वाचादोष-उपचारातली. कायद्याची १९७६ साली रटगर्स विद्यापीठातून. तिकडे बड्या लॉ स्कूलमध्ये हार्वर्ड-येलवाल्यांचाच भरणा, त्यामुळे ही वाट चढणीची होती. ह्यूस्टनला शिकवायला लागल्या तेव्हा पदरात दोन मुलं. पाळणाघरांच्या धावपळीत जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मावशी बॅगा आणि कुत्रा घेऊन आली आणि सोळा वर्षं राहिली. बायोडेटात मावशीचा रकाना नसतो, असायला हवा.

अमेरिकेत १९७८ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली आणि जुन्या जाणत्यांनाही सगळं पुन्हा शिकावं लागलं. नवख्या प्राध्यापकाला याहून चांगली वेळ कुठली?

खरं वळण टेक्सास विद्यापीठात आलं. सहकारी जे वेस्टब्रुक आणि समाजशास्त्रज्ञ टेरेसा सलिव्हन यांच्यासोबत त्यांनी तीन राज्यांतल्या कोर्टांमधले १९८१ चे दिवाळखोरीचे सुमारे दीड हजार अर्ज तपासले. छोटं फोटोकॉपी मशीन विमानातून सोबत न्यायचं, कोर्टात बसून प्रती काढायच्या. अशा अर्जात माणसाचा सगळा संसार असतो: पगार, घराचा हप्ता, कुणाकुणाचं देणं. धनकोंच्या तोंडाला पानं पुसणारे लबाड सापडतील, अशी वॉरन यांची सुरुवातीची समजूत होती. सापडली ती बहुतेक नोकरदार, मध्यमवर्गीय माणसं. पुढच्या अभ्यासांत कारणंही पुन्हा पुन्हा तीच दिसली: नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला.

या अभ्यासावरच्या त्यांच्या १९८९ च्या पुस्तकावर पद्धतीवरून टीका झाली. आजारपणामुळे किती जणांचं दिवाळं निघतं, या नंतरच्या आकड्यांवर तर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. तरी फाइल उघडून बघायची सवय या विषयाला लागली, त्यात त्यांचा वाटा मोठा.

पुढे पेनसिल्व्हेनिया, १९९५ पासून हार्वर्ड. जोडीला कंपन्यांना सशुल्क सल्लाही दिला, त्यावरून निवडणुकीत त्यांना बोलणी खावी लागली. कर्जदारांना जाचक ठरणारा कायदा रोखायला त्या वर्षानुवर्षं झगडल्या, २००५ मध्ये तो आलाच. २००७ साली त्यांनी लेखातून मांडलेली ग्राहक-संरक्षण संस्थेची कल्पना मात्र २०१० मध्ये कायद्यात उतरली.

आपल्याकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता कंपन्यांसाठी जोरात चालते. व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेले सोडले तर अजून लागू नाही. तिथे १९०९ आणि १९२० चेच नादारीचे, म्हणजे दिवाळखोरीचे, कायदे. म्हणजे संशोधनाला रान मोकळं आहे. जिल्हा न्यायालयात नादारीचे जुने अर्ज बघायला परवानगी मिळते का, ते आधी विचारा.