मार्टिनी-हेन्रीचा खरेपणा पारखताना

आपण पहिल्या संग्रहासाठी मार्टिनी-हेन्री निवडलीत, याचा मनापासून आनंद झाला. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये स्वीकारलेली ही रायफल एका वेळी एकच काडतूस घेते आणि तिचे बहुतेक शिक्के उघड्यावर असल्याने नवख्यालाही वाचता येतात.

सुरुवात उजव्या बाजूच्या शिक्क्यांपासून करा. मुकुट, त्याखाली व्ही. आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया), कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्कचा, म्हणजे आवृत्तीचा, आकडा, हे सारे नीट, एकसारख्या खोलीचे उमटलेले असावे. खैबर परिसरातील कारागिरांनी हाताने घडवलेल्या प्रतींत अक्षरे वेडीवाकडी असतात, इंग्रजी एन कधी उलटा असतो, आणि राणी व्हिक्टोरिया जानेवारी 1901 मध्ये निवर्तली असूनही त्यानंतरचे वर्ष व्ही. आर.सोबत कोरलेले आढळते. मात्र वर्ष बरोबर आहे एवढ्यावरून रायफल अस्सल ठरत नाही, कारण शिक्क्यांचीही नक्कल होत असे. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

नेपाळची गहेंद्र रायफल बाहेरून हुबेहूब अशीच दिसते, परंतु आतील रचना निराळी आहे. तिला बनावट समजू नका, ती स्वतंत्र आणि मोलाची वस्तू आहे. तिच्यावरील देवनागरी अक्षरे तर आपल्याला सहज वाचता येतील.

दुसरी चूक म्हणजे घासूनपुसून चकचकीत करणे. जुना रंग एकदा गेला की परत येत नाही, म्हणून फक्त हलके तेल लावा. खैबरच्या प्रतीतून कधीही गोळी झाडू नका, तिच्या पोलादाचा भरवसा नसतो.