केकमध्ये लोण्याऐवजी खोबरेल तेल आणि मैद्याऐवजी नारळाचं पीठ चालेल का?

तेल चालेल. पिठाची मात्र सरळ अदलाबदल करू नका.

लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. म्हणून 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 80 ग्रॅम खाण्याचं खोबरेल आणि 1 मोठा चमचा दूध घ्या. खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. त्यात फ्रीजमधली अंडी किंवा दूध थेट घातलं की गुठळ्या होतात आणि केकमध्ये तेलकट भोकं पडतात. सगळं साहित्य पाऊण तास आधी बाहेर काढा. तरीही गुठळ्या झाल्याच, तर भांडं कोमट पाण्यात ठेवून ढवळा. नारळाचा वास नको असेल तर रिफाइंड खोबरेल तेल घ्या.

नारळाचं पीठ पाणी प्रचंड शोषतं, शिवाय त्यात ग्लूटेन, म्हणजे मैद्याचा केक बांधून ठेवणारं चिकट प्रथिन, नसतं. मैद्याइतकंच घातलंत तर केक कोरडा होऊन कापतानाच चुरा होईल. 1 कप मैद्याच्या जागी पाव कप पीठ पुरतं, पण त्यासोबत 1 जास्तीचं अंडं हवंच. पहिल्या खेपेला पाचवा हिस्साच मैदा बदला, जितकं पीठ तितकंच दूध वाढवा आणि मिश्रण 5 मिनिटं मुरू द्या.