चायनीज मेडिसिन, टेन्शन आणि दिवस राहणं : माझा सिंगापूरचा अनुभव

अगं, तुझी पोस्ट कालच वाचली होती, पण घाईत दोन ओळी टाकायच्या नव्हत्या म्हणून आज लेक झोपल्यावर लिहायला बसले. तू 34 वर्षांची, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते ते), दोन आययूआय (नवऱ्याचं वीर्य नळीने गर्भाशयात सोडतात ते) फेल, पुण्यातल्या डॉक्टरांनी आता आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुचवलंय आणि सिंगापूरची नणंद म्हणतेय सगळं बंद कर, सहा महिने चायनीज औषध आणि सुया (ॲक्युपंक्चर) घे, नॅचरली राहील. त्यात सासूबाईंचं 'टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही'. मी सिंगापूरला नऊ वर्षं होते, त्यातली चार याच चक्रात गेली, सुया टोचून घेतल्या, काढे प्यायले, सगळं केलं. तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करतेय.

आधी सासूबाईंचं वाक्य घेते, कारण ते सगळ्यात खोल लागतं. मला माझ्या मावशीने हेच ऐकवलं होतं आणि मी कित्येक महिने स्वतःलाच दोष देत बसले, म्हणजे टेन्शन आलं की त्याचंच टेन्शन. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2011 साली 14 अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांवर बायकांची माहिती तपासलेली आहे, आयव्हीएफ किंवा तशी ट्रीटमेंट सुरू होण्याआधी ज्या जास्त तणावात होत्या त्यांना त्या सायकलमध्ये, म्हणजे ट्रीटमेंटच्या त्या फेरीत, यश कमी आलं असं काही निघालं नाही. तेव्हा तुझ्या दोन आययूआय तू रडलीस म्हणून फेल गेल्या नाहीत, हे पक्कं धर. टेन्शन कमी करायचंच, पण ते तुला रात्री झोप लागावी म्हणून, ट्रीटमेंट अर्ध्यात सोडावीशी वाटू नये म्हणून, नवऱ्याशी चार शब्द धड बोलता यावेत म्हणून. बाळासाठी घातलेली अट म्हणून नाही.

आता चायनीज औषधाचं. तिथे हे औषध देणाऱ्या वैद्यांना सिनसे म्हणतात, रजिस्ट्रेशन असतं, सरकारी बोर्ड असतो, त्यामुळे गल्लीतला कुणीही उठून सुया टोचतो असं नाही. माझ्या सिनसे बाई साठीच्या होत्या. पहिल्या दिवशी जवळजवळ पाऊण तास नुसतं विचारत होत्या, पाळीचा रंग कसा, गाठी पडतात का, पाय गार पडतात का, रात्री किती वाजता जाग येते, राग आला की गिळतेस का. जीभ बघितली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. मला आजीच्या वैद्यांची आठवण झाली, खरं सांगते डोळ्यात पाणी आलं, कारण तोपर्यंत दोन वर्षांत मला पाय गार पडतात का हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं की ताणामुळे लिव्हरची 'ची' अडकते, 'ची' म्हणजे आपण प्राण म्हणतो तसं काहीसं, आणि मूल होण्याची मूळ शक्ती किडनीत साठवलेली असते. ही लिव्हर-किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे हं, त्यांच्या शास्त्रातली वेगळी कल्पना आहे, मी पहिल्यांदा घाबरून किडनीची टेस्ट करायला निघाले होते. गर्भाशयात थंडी शिरते असंही मानतात, म्हणून बर्फाचं पाणी बंद, सकाळी गरम पाणी, आलं घालून गुळासारख्या साखरेचं पाणी, लाल बोरं (खजुरासारखी दिसतात पण जात बोराचीच). यातलं बरंचसं आपल्या आईनेही सांगितलं असतं आणि त्याने नुकसान काही नाही.

पण एक गोष्ट नणंदेला नक्की सांग. त्यांच्याच हुआंगदी नेइजिंग नावाच्या जुन्या वैद्यक ग्रंथात बाईचं वय सातासातांनी मोजलंय, 14 ला पाळी, 28 ला शरीर भरात, 35 पासून उतार, 49 ला पाळी बंद. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे चिनी वैद्यसुद्धा वयाला मानतात. तू 34 ची आहेस, 'सगळं बंद करून सहा महिने' हा सल्ला त्यांच्या शास्त्रातही बसत नाही.

सुयांनी काय होतं, तर मला झोप लागायला लागली. डोक्याच्या मध्यावर एक, मनगटाच्या आत एक, पायाच्या अंगठ्याच्या आणि बाजूच्या बोटाच्या मधल्या खाचेच्या जरा वर एक, घोट्याच्या आतल्या बाजूने चार बोटं वर एक, आणि मग दिवा मंद करून अर्धा तास पडून राहायचं. टोचताना इंजेक्शनसारखं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं आणि मग जड-जड वाटतं. आठवड्यातला तो अर्धा तास माझा असायचा, फोन नाही, रिपोर्ट नाही, कुणाचा सल्ला नाही. हे मी खूप मोठं मानते.

पण दिवस राहण्याचं श्रेय मी सुईला देत नाही. माझी पहिली आयव्हीएफ सुयांशिवाय फेल गेली, दुसरी सुया घेऊन फेल गेली, तिसऱ्या वेळी सुया घेऊन लेक झाली. नुसती तिसरी सांगितली तर किती छान गोष्ट होते बघ, आणि ग्रुपवर बायका नेमकी तेवढीच सांगतात.

मोठ्या अभ्यासांतही तेच दिसतं. 2002 साली जर्मनीतला 160 बायकांवरचा एक प्रयोग छापून आला, एम्ब्रियो ट्रान्सफरच्या (तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात त्याच्या) आधी आणि नंतर 25-25 मिनिटं सुया, आणि प्रेग्नन्सी 42.5 टक्के विरुद्ध 26.3 टक्के. तिथून हे वेड जगभर पसरलं. पण त्यात दुसऱ्या गटाला खोट्या सुया दिल्या नव्हत्या, त्यांना नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 848 बायकांवर नीट प्रयोग झाला, तो 2018 ला छापून आला, अर्ध्यांना खऱ्या सुया आणि अर्ध्यांना न घुसणाऱ्या खोट्या, बाळ हातात आलं ते 18.3 आणि 17.8 टक्क्यांच्या. म्हणजे फरक नाहीच.

आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तो चीनमधलाच, खास पीसीओएसवरचा, एक हजार बायका, 2017 ला छापून आला. चार गट होते. क्लोमिफेनची (बीज तयार व्हावं म्हणून देतात ती) गोळी आणि खऱ्या सुया घेतलेल्यांत सुमारे 29 टक्क्यांना बाळ झालं, गोळी आणि नावापुरत्या सुयांत 28. क्लोमिफेनच्या जागी औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली तेव्हा खऱ्या सुयांत 14 च्या आसपास आणि नावापुरत्यांत 17. काम गोळीने केलं. चीनमधल्याच डॉक्टरांनी, सुयांच्याच माहेरात हे प्रामाणिकपणे छापलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

माहेरावरून आठवलं, माझं माहेर सोलापूर, डॉ. कोटणीसांचं गाव. 1938 साली जे पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यातले कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले, आणि त्याच पथकातले डॉ. बसू पुढे चीनमध्ये सुयांची विद्या शिकून कोलकात्याला घेऊन आले. त्यामुळे ही विद्या मला परकी वाटत नाही.

आता काढे आणि पावडरी, इथे मात्र मी हात जोडून सांगते. आयव्हीएफची इंजेक्शनं चालू असताना मी एका दुकानातून लेबल नसलेली पावडर आणून घेत होते, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, वाटलं नॅचरल आहे, काय होतंय. ब्लड टेस्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेले आले, नर्सने जवळ बसून शांतपणे विचारलं तेव्हा कुठे मी कबूल केलं, आणि ती सायकल महिनाभर पुढे गेली. 1990 च्या सुमाराला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच पडली, तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं, शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. चिनी नावं इतकी सारखी असतात की दुकानदारही फसतो. दांगग्वेई नावाची मुळी तर पाळीसाठी सर्रास देतात, ती रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर चालत नाही, आणि ट्रान्सफरनंतर अनेकींना ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन, म्हणजे तशीच रक्त पातळ करणारी औषधं, चालू असतात. म्हणून नणंदेने पार्सल पाठवलं तर उघडू नकोस, आणि आधी काही घेतलं असशील तर आजच डॉक्टरांना सांग, अजिबात लाजू नकोस.

सुया घ्यायच्या असतील तर खुशाल घे. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन नंबर विचार. सुई तुझ्यासमोर पाकिटातून नवी काढली पाहिजे आणि वापरून झाली की टाकली पाहिजे. आयव्हीएफ चालू आहे हे त्यांना सांग आणि सुया चालू आहेत हे आयव्हीएफवाल्यांना सांग. ट्रान्सफर झाल्यावर किंवा पाळी चुकल्यावर लगेच सांगायचं, कारण घोट्याजवळचा तो बिंदू गरोदरपणात सुया टोचणारे स्वतःच टाळतात. जो कुणी म्हणेल गोळ्या बंद करा, दहा सेशनचे पैसे आधी भरा, गॅरंटी देतो, तिथून उठून ये. आणि पैसे मोजकेच असतील तर ते आयव्हीएफसाठी ठेव, सुयांऐवजी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालणं आणि शवासनही चालतं, पीसीओएसमध्ये वजन थोडं उतरलं तरी पाळीवर फरक पडतो.

एक राहिलंच. तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये नवऱ्याच्या रिपोर्टचा एक शब्द नाही. आययूआयच्या वेळी सिमेन अनालिसिस (वीर्याची तपासणी) झालंच असेल, ते किती जुनं आहे बघ, काउंट (शुक्राणूंची संख्या), मोटिलिटी (हालचाल), मॉर्फोलॉजी (आकार) तिन्ही आकडे टाक इथे. आमच्याकडे बराच काळ सगळ्या सुया, सगळे काढे आणि सगळे टोमणे माझ्याच वाट्याला आले आणि अर्धा प्रॉब्लेम त्या एका कागदावर होता.