‘टेक ऑन मी’ पहिल्याच फटक्यात हिट झालं होतं का?

तुम्ही लिहिलंय की आ-हा या नॉर्वेच्या बँडला ‘टेक ऑन मी’ या पहिल्याच गाण्यात जगभर यश मिळालं, आणि तुमच्या बँडने सहा महिन्यांपूर्वी यूट्यूबवर टाकलेलं पहिलं गाणं मात्र कुणी ऐकत नाही. ते सोडून नवं करावं का, हा तुमचा प्रश्न. तुमचं गाणं मी ऐकलेलं नाही, म्हणून त्याबद्दल काही बोलत नाही. पण ‘टेक ऑन मी’ पहिल्या फटक्यात चाललं, हा समज आधी काढून टाका. ते तिसऱ्या खेपेला चाललं.

मी दादरचा. पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. आमच्या चाळीत केबल आली, शेजारच्या टीव्हीवर एमटीव्ही दिसायला लागलं, तेव्हा हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. सुरुवातीचा कीबोर्डचा पीस ऐकून जेवता जेवता उठलो होतो. पुढे कळलं की तो पीस मॅग्ने फुरुहोल्मेनने शाळकरी वयातच बसवला होता. तेव्हा तो आणि पॉल वॉक्टार ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडमध्ये होते. दोघांना तो च्युइंगगमच्या जाहिरातीसारखा वाटायचा, आणि त्या गाण्याला ते आपापसांत ‘ज्यूसी फ्रूट’चं गाणं म्हणायचे! नंतर गायक मॉर्टेन हार्केट त्यांना येऊन मिळाला. त्याने तो पीस ऐकला आणि ठरवलं की हे सोडायचं नाही. मग तिघंही लंडनला गेले.

१९८४ साली गाणं पहिल्यांदा बाजारात आलं. निर्माता टोनी मॅन्सफील्ड. ब्रिटनमध्ये ते कुणाच्या कानावरही पडलं नाही. मग दुसरा निर्माता ॲलन टार्नी याच्याकडे जाऊन तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. मुख्य पीस रोलँड जुनो-६० या सिंथेसायझरवर वाजवला, आवाजाला मोकळी जागा दिली. हे रेकॉर्डिंग ब्रिटनमध्ये आलं आणि तेही पडलं. तिसऱ्या वेळी कंपनीने दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनकडून तो पेन्सिलच्या चित्रांचा व्हिडिओ करून घेतला. खऱ्या चित्रीकरणावरून सुमारे ३,००० चित्रं हाताने काढली, त्यात सोळा आठवडे गेले. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या. १९८६ मध्ये एमटीव्हीचे सहा पुरस्कार त्या व्हिडिओला मिळाले.

त्यामुळे बरेच जण सगळं श्रेय व्हिडिओला देतात. लोक थांबले ते व्हिडिओमुळे, हे मला मान्य आहे. पण थांबल्यावर कानात काहीतरी पडावं लागतं, आणि इथे जे पडतं ते समजून घ्यायचं असेल तर पेटी काढून बसा. पांढरी सहाला षड्ज धरा. मुखडा (त्यांच्याकडे तो अंतऱ्यानंतर येतो) सुरू होतो मंद्र षड्जावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘सा’वर. तिथून प्रत्येक ओळ वर सरकते आणि शेवटच्या ओळीचा शेवट थेट तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’वर. अडीच सप्तकं, तीही चार छोट्या ओळींत! वरच्या पंचमावर हार्केट ओरडत नाही, फॉल्स आवाजात तो स्वर अलगद नेऊन ठेवतो. आम्ही एकदा थर्टी फर्स्टच्या कार्यक्रमासाठी हे बसवायला घेतलं होतं. गायकाला वरचं जमेना म्हणून पट्टी उतरवली, तर खालचा सा ऐकूच येईना. पट्टी चढवली की वर आवाज फाटायचा. तीन रात्री तालीम करून आम्ही ते गाणं यादीतून काढलं.

आता १९८४ चं आणि १९८५ चं रेकॉर्डिंग हेडफोन लावून पाठोपाठ ऐका. दोन्ही सहज मिळतील. चाल तीच आहे. पहिल्यात सगळं यांत्रिक, कोरडं वाटतं आणि मुखड्याची ती चढण अंगावर येत नाही. दुसऱ्यात तीच चढण श्वास रोखून ऐकावी लागते. तिघांनी चालीवरचा विश्वास सोडला नाही आणि बाकी जवळजवळ सगळं बदललं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

मला हे इतकं तळमळीने सांगावंसं वाटतं त्याचं कारण आमचं एक गाणं. २००४ मध्ये आम्ही चौघांनी अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत स्वतःचं मराठी गाणं रेकॉर्ड केलं. मिक्समध्ये गायकाचा आवाज ड्रमखाली दबून गेला. दोन-तीन ठिकाणी सीडी दिली, कुठूनच काही आलं नाही, आणि आम्ही गाणंच वाईट म्हणून सोडून दिलं. पुन्हा मिक्स करून बघावं हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. तो गायक आता गात नाही. चाल मला अजून जशीच्या तशी आठवते.

तेव्हा नवं गाणं करायच्या आधी एक करा. जुनं गाणं ड्रम न घेता, नुसत्या गिटारवर, तुमच्या घरातल्यांना ऐकवा, बँडच्या मित्रांना नको. दुसऱ्या दिवशी आई किंवा धाकटी बहीण ओट्यापाशी ते गुणगुणताना सापडली, तर चाल ठेवा आणि रेकॉर्डिंग नव्याने करा. मिक्स करताना आधी आवाज आणि पट्टी बघा. गायकाचा सगळ्यात वरचा स्वर कुठे सुंदर लागतो त्यावरून पट्टी ठरवा, गिटारला काय सोपं त्यावरून नको. कुणी गुणगुणलं नाही, तर खुशाल पुढचं गाणं घ्या.

लिंक इथे टाकलीत तर मी नक्की ऐकेन. रात्री अकरानंतर, घर शांत झाल्यावर.